ऑक्सिडीभवनाचा ताण कसा मोजतात?

अन्नातून ऊर्जा मिळवीत असता पेशीत ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात. त्यांना आवर घालणारी विकरे व द्रव्येही पेशीतच असतात. या संरक्षणापेक्षा रेणूंची निर्मिती वरचढ झाली, म्हणजे जी स्थिती उद्भवते तिला ऑक्सिडीभवनाचा ताण म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी ही संकल्पना १९८५ मध्ये मांडली.

हा ताण मोजावयाचा कसा? हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे अब्जांशाएवढे. ते हाती लागणे दुरापास्तच. म्हणून त्याने मागे ठेवलेल्या खुणा शोधाव्या लागतात. मेदद्रव्यांची हानी झाली की मॅलोनडायआल्डिहाइड तयार होते. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापविल्यास ते गुलाबी रंग देते, आणि ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला यावरून त्याचे प्रमाण काढतात. ही रीत सोपी व स्वस्त खरी. परंतु काही शर्करा आणि अन्य आल्डिहाइडेही त्या मापनात मिसळतात. १९९० मध्ये वर्णन केली गेलेली आयसोप्रोस्टेने अधिक विश्वसनीय ठरली आहेत. मात्र त्यांच्या अचूक मापनास महागडी उपकरणे लागतात. ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. रक्त काढल्यावर तत्काळ योग्य प्रक्रिया न केल्यास नळीतच त्याचे ऑक्सिडीभवन होते आणि निरोगी माणूसही रोगी भासतो.

शिवाय रक्तातील आकड्यावरून मेंदूची अवस्था कळेलच असे नाही. या दृष्टीने बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतील मानवी मेंदूंचा संग्रह मोलाचा आहे. मृत्यूनंतर आप्तांच्या संमतीने मिळालेल्या मेंदूंवर तेथील संशोधकांनी केलेले अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपवातात ज्याचा ऱ्हास होतो, त्या मध्यमेंदूतील काळसर भागात वयाबरोबर प्रथिनांची ऑक्सिडीभवनाने होणारी हानी वाढते आणि संरक्षक विकरांची क्षमता घटते, असे त्यांना दिसून आले.

तेव्हा एखाद्या चाचणीचा एकच आकडा पाहून औषधाची बाटली जवळ करणे शहाणपणाचे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ मध्ये जाहीर झाला. बीटा-कॅरोटीन हे ऑक्सिडीभवनरोधक घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटले नाही. उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळले. खूण म्हणजे रोग नव्हे, आणि खूण पुसणे म्हणजे उपचारही नव्हे.