कसरत, प्रात्यक्षिक आणि स्पर्धा

पाठप्रवेश

गावच्या जत्रेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर आपण अनेक अवघड कसरती पाहतो. पाहणारे थक्क होतात, टाळ्या वाजवतात. पण तीच कसरत उद्या पंचांसमोर करायची झाली, तर टाळ्या मिळवणारा माणूस तेवढाच यशस्वी ठरेल काय? मल्लखांबाच्या वाटचालीच्या आधारे या पाठात ह्या प्रश्नाचा विचार केला आहे.

पाठ

झाशीच्या जुन्या शहराभोवती कोट होता आणि त्याला निरनिराळ्या दिशांना दरवाजे होते. दतिया संस्थानाच्या वाटेवर उघडणारा तो दतिया दरवाजा. लोक त्याला दतिया गेट म्हणतात आणि आसपासची वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते. हा कोट मराठी सुभेदारांच्या अमदानीतला, नेवाळकर घराण्यातील शिवराव भाऊंच्या काळातला. बुंदेलखंडात असूनही झाशी दक्षिणेकडच्या माणसाला परकी वाटत नसे, कारण दरबारात आणि अनेक घरांत मराठी बोलली जाई.

1858 साली इंग्रजी फौजेने या कोटाला वेढा घातला, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक झाशीतच होते. त्यांनी लिहिलेली हकिकत पुढे 1907 साली चिंतामण विनायक वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. तीत लढाई आहे, लूट आहे, उपासमार आहे. आणि राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्याही आहे. राणीसाहेबांना व्यायामाची आवड होती, पहाटे उठून त्या मल्लखांब करीत आणि नंतर घोड्यावर रपेट करीत, असे गोडसे सांगतात. या मल्लखांबाला प्रेक्षक नव्हते आणि त्याला कोणी गुण देणार नव्हते. हाताची पकड घट्ट व्हावी, मांड पक्की बसावी, दम वाढावा, एवढ्यासाठीच तो होता.

ही विद्या राणीकडे आली ती बिठूरहून. 1818 साली पेशवाई गेल्यावर दुसरे बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला येऊन राहिले. लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे हे त्यांच्याच आश्रयाला होते. बाजीरावांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा मानते. नाव ‘मल्लाचा खांब’ असले तरी तो केवळ पहिलवानांच्या सरावाचा खुंट राहिला नाही. अढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा असे त्याचे स्वतंत्र प्रकार तयार झाले. एकेका प्रकारास मिळालेले हे नेमके मराठी नाव पाहिले, म्हणजे या विद्येचे शिक्षण किती बारकाईने होत असे याची कल्पना येते.

तालमीतला हा खांब पुढे लोकांसमोर आला. विसाव्या शतकात ठिकठिकाणी व्यायामशाळा निघाल्या, त्यांचे वार्षिक समारंभ होऊ लागले आणि त्यांत मल्लखांबाच्या प्रात्यक्षिकांना मानाचे स्थान मिळाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तर 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

मात्र प्रात्यक्षिकाचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे. त्यात काय दाखवायचे हे करणारा ठरवतो. जो प्रकार हमखास जमतो तोच तो निवडतो. जो शंभरदा घसरला, तो घरी ठेवतो. लोकांना अवघड वाटणारे आणि खरोखर अवघड असणारे यांत पुष्कळदा फरक असतो. खांबाच्या टोकावर उभे राहून हात जोडले की टाळ्या पडतात, पण एका पकडीतून दुसऱ्या पकडीत न अडखळता जाण्यामागची वर्षांची मेहनत फक्त जाणकाराच्याच लक्षात येते. यात फसवणूक नाही. रंजन करणाऱ्याचा तो हक्कच आहे. परंतु त्यामुळे आपण नेमके कुठे उभे आहोत, हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

स्पर्धा हे कळवते. मल्लखांबाला स्पर्धेच्या रिंगणात आणण्याचा मार्ग मात्र सरळ नव्हता. 1958 साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक झाले. ते पसंत पडल्याने 1962 साली ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय स्पर्धांत मल्लखांबाला प्रत्यक्ष स्थान मिळाले. 1968 पासून ते काढून घेण्यात आले आणि खेळ पुन्हा प्रात्यक्षिकाच्या पायरीवर उतरला. अखेर जानेवारी 1981 मध्ये उज्जैन येथे मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरली. दिल्लीच्या त्या प्रात्यक्षिकानंतर तेवीस वर्षांनी!

स्पर्धेसाठी खांबाची उंची व घेर ठरले. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे विभाग पडले. खेळाडूने ठरावीक वेळात आपला संच पूर्ण करायचा, आणि पंचांनी त्यातील काठिण्य, प्रकारांची जुळणी व सफाई पाहायची. पाय सुटला तर गुण जातात, नुसता हिसका बसला तरी जातात. प्रेक्षकांच्या टाळ्यांची गुणपत्रिकेत नोंद होत नाही. या बदलात काही गमावलेही गेले, हे मान्य करावे लागेल. एखाद्या वस्तादाची खास लकब नियमांच्या चौकटीत बसत नाही आणि हळूहळू विसरली जाते. पण नागपूरच्या मुलाचा आणि उज्जैनच्या मुलाचा खेळ एकाच मापाने मोजता येऊ लागला, ही त्याहून मोठी गोष्ट होय. 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती या समान मापामुळेच शक्य झाली.

एका खेळाच्या बाबतीत जे अनेक वर्षांत घडले, ते एकाच माणसाच्या आयुष्यात घडले तर काय होते, हे पाहण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. ब्रॉडी स्मिथ हा फिरती चकती फेकण्यात निष्णात असा तरुण. चकतीच्या ‘अल्टिमेट’ या सांघिक खेळात त्याने नाव कमावले होते. पण तो घरोघरी पोहोचला तो इंटरनेटवरील ध्वनिचित्रफितींमुळे. दूरवरच्या लक्ष्यावर तो अशी चकती फेकी, की लाखो लोकांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. नेम चुकलेल्या फेकी अर्थातच पडद्यावर दिसत नसत.

2020 साली तो डिस्क गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरला. या खेळात झाडाझुडपांतून चकती फेकत फेकत साखळ्या लावलेल्या टोपलीपर्यंत न्यायची असते, आणि कमीत कमी फेकींत अंतर पुरे करणारा जिंकतो. अशा साधारण अठरा टोपल्या असतात. चकतीही वेगळी: अल्टिमेटमधील चकतीपेक्षा लहान, धारदार कडेची, अधिक वेगाने जाणारी आणि अंदाज चुकल्यास तितक्याच वेगाने झाडीत शिरणारी. कुशल हाताला पुन्हा शिकावे लागले. पॉल मॅकबेथ या विश्वविजेत्या खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली त्याने सराव केला. तरीही नामवंत खेळाडूंच्या स्पर्धांत तो आरंभी बराच मागे राहिला. ज्याचे लाखो चाहते, त्याचे नाव निकालपत्रात शोधायला खाली खाली जावे लागे. आणि येथे प्रत्येक फेक मोजली जात होती, झाडावर आदळलेलीसुद्धा.

मोठ्या वयात पुस्तक हाती घेणाऱ्यांना हा प्रसंग अपरिचित वाटू नये. दुकानातला हिशेब तोंडी चोख करणारा माणूस गणिताच्या उत्तरपत्रिकेसमोर बसतो, तेव्हा त्याचीही अशीच गत होते. त्याचे कौशल्य खोटे नसते. फक्त आता पायऱ्या दाखवाव्या लागतात आणि चुकलेली पायरीही धरली जाते. स्मिथने मात्र एक चांगली गोष्ट केली. तो आपल्या पूर्ण फेऱ्याच प्रेक्षकांना दाखवू लागला, चुकांसकट. लोकांनी त्याही पाहिल्या.

याच्या उलट वाटही असते. छत्तीसगडमधील नारायणपूर येथील अबुझमाड मल्लखांब प्रबोधिनीच्या मुलांनी राष्ट्रीय स्पर्धांत आधी गुण मिळवले, आणि 2023 साली दूरचित्रवाणी वाहिनीवरील गुणदर्शनाच्या एका देशव्यापी कार्यक्रमात प्रथम क्रमांकही पटकावला. दिव्यांच्या झगमगाटात, संगीताच्या तालावर त्यांनी जे मनोरे रचले, ते पंचांच्या कागदात मावणारे नव्हते. पण त्या मनोऱ्यातील प्रत्येक मुलाचा हात खांबावर जिथे पडायला हवा, तिथेच पडत होता.

स्वाध्याय

1. राणी लक्ष्मीबाईंचा मल्लखांब आणि 1936 साली बर्लिन येथे दाखविलेला मल्लखांब यांच्या हेतूंत कोणता फरक होता? आपल्या शब्दांत लिहा.

2. स्पर्धेमुळे मल्लखांबाला काय मिळाले व त्याने काय गमावले? पाठातील मत तुम्हांला पटते काय? कारणे द्या.

3. तुम्हांला येणाऱ्या एखाद्या कौशल्याची कधी परीक्षा झाली आहे काय? त्या वेळचा अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.