लाकडाचा भुसा, कोळसा आणि मिठीचे पाणी

जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलात, तर सुतारांच्या पायांशी भुसा, रंध्याखालून निघालेल्या ढलप्या आणि फळ्यांचे तुकडे साचलेले दिसतात. पावसाळ्याआधी बोरिवली-मुलुंडच्या रस्त्यांवर झाडांच्या फांद्या छाटतात, तेव्हा त्यांचेही ढीग पडतात. हे लाकूड उघड्यावर पेटवले तर हाती धूर आणि राख येते. पण हवा लागू न देता तापवले, तर त्याचा कोळसा होतो. असा कोळसा जमिनीत घालण्यासाठी किंवा पाण्यातील दूषित द्रव्ये पकडण्यासाठी केला, की त्याला बायोचार किंवा जैवकोळसा म्हणतात.

कोळसा पाडण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. रायगड-ठाण्यातील कितीतरी कातकरी कुटुंबांनी त्यावर पोट भरले. लाकडे रचून त्यांवर पाला आणि माती लिंपायची, म्हणजे आत हवा जेमतेम शिरते. तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपलीकडे गेले, की लाकडातील मोठे रेणू तुटतात. वाफ, ज्वालाग्राही वायू आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात व मुख्यतः कार्बन मागे राहतो. वजन चौथाई-तिहाईवर येते. जे निघून गेले, त्याच्या जागी असंख्य सूक्ष्म छिद्रे उरतात. आपल्या कामाची आहेत ती हीच छिद्रे.

स्पंज पाणी पितो, तसा कोळसा रंग पीत नाही. रंगाचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. या क्रियेला 'अधिशोषण' म्हणतात. रशियात टोबियास लोविट्झ याला १७८५ साली आढळले, की कोळशाची पूड घातल्यावर गढूळ-तपकिरी द्रावणाचा रंग जातो. भिंत जितकी जास्त, तितके रेणू जास्त बसणार. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. म्हणजे चिमूटभर पुडीत सात-आठ मैदाने घडी घालून ठेवलेली!

साध्या कोळशाला मात्र हे साधत नाही, कारण त्याची पुष्कळ छिद्रे डांबराने बुजलेली असतात. कारखान्यात तो ८०० ते १००० अंशांना वाफेत तापवतात. वाफ थोडा कार्बन खाऊन छिद्रे मोकळी करते आणि नवी पाडते. दुसरी रीत म्हणजे लाकूड आधीच फॉस्फोरिक आम्लात भिजवून मग तापवणे. जैवकोळशाच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युत्प्रभार असतो, म्हणून पाण्यातील आर्सेनिक आणि फॉस्फेट, जे सहसा ऋणप्रभारितच असतात, त्याला फारसे चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी कोळशावर लोहाच्या क्षाराची प्रक्रिया करतात. थोडक्यात, कोणते दूषित द्रव्य पकडायचे हे आधी ठरवावे लागते.

आता मिठी नदीकडे या. विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन ती साकीनाका, कुर्ला ओलांडते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत घरांचे व लहान कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात येते. ते पाणी कोळशातून गाळले, तर रंग आणि वास कमी होईल. तेवढ्याने ते पिण्याजोगे झाले, असे कोणी समजू नये! विरघळलेले मीठ आणि नायट्रेट बहुतांशी तसेच राहतात, आणि रोगजंतूही उरू शकतात. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी म्हणूनच अधिक फसवते.

प्रयोग करायचा तर शिक्षकांसमवेत, मोकळ्या मैदानावर. कारण निघणाऱ्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. पत्र्याच्या डब्यात सुक्या काटक्या भरा, झाकणाला एक बारीक भोक पाडा आणि डबा विस्तवात ठेवा. धूर थांबला की डबा बाहेर काढून भोक बंद करा व पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका, नाहीतर कोळसा पेट घेईल. प्लायवूड, रंगवलेले किंवा कीड लागू नये म्हणून औषध मारलेले लाकूड मुळीच घेऊ नका. त्यांतील डिंक व रंग जळून अपायकारक धूर होतो आणि औषधातील धातू कोळशातच राहतात. ओशिवऱ्याच्या ढिगात असे तुकडे मिसळलेले असण्याचा संभव फार, फांद्याच बऱ्या.

कोळसा कुटून धुवा. मिथिलीन ब्लूच्या फिकट निळ्या पाण्याच्या तीन बाटल्या घ्या. पहिलीत काही घालू नका, दुसरीत चमचाभर तुमची पूड घाला, तिसरीत माशांच्या टाकीसाठी मिळणारा सक्रिय कोळसा तेवढाच, तसाच कुटून व धुऊन घाला. दहा मिनिटे हलवून तिन्ही गाळा. पहिली बाटलीही गाळायचीच, कारण गाळण कागद स्वतः थोडा रंग धरतो.

मग गाळण कागदावरची काळी पूड थोड्या स्पिरिटमध्ये घालून हलवा (ज्योत जवळ नको) आणि पुन्हा गाळा. स्पिरिट निळसर झाले, तर कोळशाने रंग नष्ट केला नव्हता, नुसता धरून ठेवला होता, हे तुम्हांला दिसेल. वापरलेली पूड गटारात टाकल्यास काय होईल, हे वर्गात एकमेकांना विचारा.