मनू, तू स्वार्थी नाहीस

मनू, रविवारी रात्री दहाला आलेल्या मेसेजला तू सोमवारी सकाळी उत्तर दिलंस, त्यानं एकाही मुलाचं काही बिघडलेलं नाही. मोडली ती तुमच्या संचालकाची सवय. त्यावर सगळ्यांदेखत तो जे म्हणाला, 'आपण इथे नोकरी करायला येत नाही', ते त्याच्यापुरतं खरं असेलही. तू मात्र नोकरीच करायला जातेस. तुझ्या करारावर तास लिहिलेत, पगार लिहिलाय, आणि बर्लिनच्या नॉयक्योल्नमधल्या त्या खोलीचं भाडं समाजकार्य म्हणून कुणी माफ करत नाही.

परवा फोनवर रडलीस आणि नाक पुसत लगेच म्हणालीस, 'पण ताई, काम फार चांगलं आहे गं.' आहेच. नव्यानं आलेल्या सीरियन, युक्रेनी पोरांना शाळेत टिकवून धरणं हे चांगलंच काम आहे, आणि नेमकी म्हणूनच तू अडकली आहेस. कंपनीत साहेब ओरडला की माणूस घरी येऊन चार शिव्या हासडतो आणि दुसरीकडे अर्ज टाकतो. अशा संस्थेत साहेब ओरडला की माणूस स्वतःलाच विचारतो, मीच कमी पडतेय का?

त्यात तुमच्याकडे सगळ्यांचं एकमेकांशी 'डू', म्हणजे अगदी अरे-तुरे. संचालकाशीसुद्धा. त्यामुळे इथे कुणी साहेबच नाही असं वाटतं. पण सुट्टी कुणाची नाकारायची, अनुदान देणारे आले की कुणाला बोलू द्यायचं, तुझ्या उच्चारांची नक्कल करून कधी हसायचं, हे सगळं एकच माणूस ठरवतो. त्यापेक्षा उघड साहेब परवडला. निदान भांडायचं कुणाशी ते कळतं.

आपल्या घराला हे नवं नाही. बेबीमावशी एका विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं शिकवत होती. पगारपत्रकावर एक आकडा, सही त्या आकड्यापुढे, आणि हातात येणारं पाकीट त्याहून बरंच हलकं. विचारलं की संस्थाचालक म्हणायचे, 'बाई, हे ज्ञानदान आहे.' दान फक्त बाईंनीच करायचं, चालकांची नवी गाडी तेवढ्यात शाळेच्या फाटकाशी उभी. कायम विनाअनुदानित शाळांतले शिक्षक आझाद मैदानावर पुन्हापुन्हा उपोषणाला बसले, मावशी एकदाही गेली नाही. शिक्षिकेनं पैशासाठी रस्त्यावर बसणं तिला बरं दिसत नव्हतं. हा तिचा गुण तू जसाच्या तसा उचललायस, म्हणून बोलतेय.

जर्मनीत असं कसं होतं, हा तुझा प्रश्न. इथे कायदा आहे, पण तुमची संस्था कशी चालते तेही बघ. तुमची संस्था म्हणजे नोंदणीकृत फेराइन. सात सदस्य जमले की अशी संस्था नोंदवता येते, आणि देशात अशा सहा लाखांहून जास्त आहेत. कार्यकारी मंडळ बहुतेक ठिकाणी मानद. वर्षातून मोजक्या संध्याकाळी जमायचं, हसऱ्या मुलांचे फोटो असलेला अहवाल चाळायचा, वाइनचा एक ग्लास घ्यायचा आणि घरी जायचं. त्यातले निम्मे संस्थापकाचे जुने मित्र. म्हणजे संचालकाला विचारणारं कुणी नाही. तो अनुदानाचे अर्ज झकास लिहितो, भाषण झकास करतो. माणसं सांभाळायची कशी हे त्याला ना कुणी शिकवलं, ना कधी विचारलं.

आणि पैसा? तो प्रकल्पाचा. 2015 पासून चालू असलेल्या 'डेमोक्राटी लेबन'सारख्या केंद्राच्या कार्यक्रमातून किंवा राज्याच्या खात्यातून अनुदान येतं, मुदतीपुरतं. प्रकल्प संपला की करार संपला. म्हणून शरद ऋतू लागला की तुमच्या ऑफिसात सगळे एकाएकी गोड बोलायला लागतात; पुढच्या वर्षी कोण राहणार हे संचालकाच्या मनात असतं. शिवाय सरकारी पैशाला एक अट जोडलेली असते: संस्थेनं आपल्या माणसांना तशाच सरकारी कर्मचाऱ्यापेक्षा जास्त द्यायचं नाही. वरची मर्यादा अशी ठरलेली, खाली मात्र सामूहिक वेतनकरार नसेल तर किमान वेतनाच्या वर किती द्यायचं ते त्यांच्या मर्जीवर. तुमच्याकडे मानधनावर शिकवणाऱ्या त्या दोघींना तर आजारपणाची रजासुद्धा नाही. त्यांना हेरेनबर्गच्या निकालाबद्दल सांग. तिथल्या संगीतशाळेतली एक शिक्षिका कागदावर स्वतंत्र व्यावसायिक होती, पण वेळ, खोली, वाद्य सगळं शाळेचं. 28 जून 2022 ला सर्वोच्च सामाजिक न्यायालयानं ती नोकरदारच आहे असं ठरवलं, आणि तेव्हापासून देशभरच्या शिक्षणसंस्थांची झोप उडाली आहे.

आता त्या 'संस्थेची बदनामी होईल'बद्दल. तुझ्या सहकारिणीनं हळूच कानात सांगितलं ना, बाहेर बोलू नकोस म्हणून? मग ओडेनवाल्डशूलेचं ऐक.

हेपेनहाइमजवळ ओबर-हामबाखला पाउल गेहेब यांनी 1910 मध्ये ही निवासी शाळा काढली. मुलामुलींनी एकत्र शिकायचं, धाक नाही, शिक्षक आणि मुलं एकेका घरात 'कुटुंब' म्हणून राहणार. शाळेची कीर्ती अशी की 1930 मध्ये रवींद्रनाथ टागोर तिथे जाऊन आले. 1972 ते 1985 गेरोल्ड बेकर मुख्य होता, शिक्षणसुधारणेच्या वर्तुळातलं वजनदार नाव. त्यानं आणि आणखी काही शिक्षकांनी त्या 'कुटुंबां'तल्या मुलांवर लैंगिक अत्याचार केले. माजी विद्यार्थ्यांनी 1998 मध्ये शाळेला पत्रं लिहिली. नोव्हेंबर 1999 मध्ये 'फ्रांकफुर्टर रुंडशाउ'नं सगळं छापलं. आणि पुढे? जवळजवळ काहीच नाही. इतकी पुरोगामी शाळा, इतकी मोठी माणसं, म्हणून देश पुढची दहा वर्षं गप्प. शताब्दीच्या वर्षी, 2010 मध्ये, ते पुन्हा वर आलं आणि तेव्हा कुठे चौकशी झाली. दोन महिला कायदेतज्ज्ञांच्या अहवालात किमान 132 मुलांची नोंद आहे. 2015 मध्ये शाळा दिवाळखोरीत बंद पडली.

तुमचा संचालक तसा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. आरडाओरडा करणारा, माणसं वापरणारा बॉस आणि तो गुन्हा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मला फक्त गप्प बसण्याबद्दल सांगायचंय. 1999 ला ज्यांनी वर्तमानपत्र मिटून बाजूला ठेवलं, त्यांनाही वाटलं असेल की आपण एका चांगल्या कामाला जपतोय. तुमच्याकडे वर्षभरात किती समुपदेशक सोडून गेल्या, आणि प्रत्येक वेळी त्या अफगाणी मुलाला आपली गोष्ट नव्या बाईंना पहिल्यापासून सांगावी लागली, हे तूच मला सांगितलंस. मुलांचं नुकसान करतंय कोण ते त्यातच दिसतंय.

बरं, आता कामाचं. एक वही कर. ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, साधी कागदाची. तारीख, कोण काय बोललं, समोर कोण होतं, किती वाजता काम सुटलं. कामाचे तास नोंदवायची व्यवस्था मालकानंच करायची, हे सर्वोच्च कामगार न्यायालयानं 13 सप्टेंबर 2022 ला सांगितलंय. ते करत नसतील तर तू कर. कामाच्या दोन दिवसांमध्ये सलग 11 तास विश्रांती हा हक्क आहे, म्हणजे त्याच्या रात्रीच्या मेसेजांच्या वेळासुद्धा वहीत जाऊ देत. पण भावनेच्या भरात मोबाईलवर त्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करू नकोस. इथे तो फौजदारी गुन्हा आहे, तूच गोत्यात येशील. उच्चारांची नक्कल वगैरे प्रकार वंशाशी जोडलेला असेल तर समान वागणुकीच्या कायद्याखाली दाद मागता येते, मात्र लेखी, आणि दोन महिन्यांच्या आत.

झोप लागत नाही म्हणतेस तर डॉक्टरकडे जा आणि खरं काय ते सांग. आजारपणात पहिले सहा आठवडे पगार संस्थाच देते. 'टीमला सोडून गेलीस' असं म्हणतील. म्हणू देत.

एकटी लढू नकोस. पाच कायम कर्मचारी असले की बेट्रिब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांची निवडलेली समिती, स्थापन करता येते. शैक्षणिक हेतूच्या संस्थेत तिचे काही अधिकार कमी असतात, संचालक तेवढंच वाक्य तोंडावर फेकेल. कमी असतात, नसतात असं नाही. पण ऑफिसात कुजबुज करण्याआधी शिक्षकांच्या गे-ए-वे (GEW) किंवा फेर्डी या कामगार संघटनेत जा. सभासद झाल्यावर वकील मिळायला बहुधा काही महिने थांबावं लागतं, म्हणून आजच हो. 'फेअर इंटिग्रेशन'चे सल्लागार तर युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांसाठीच आहेत, फुकट, आणि इंग्रजीतही बोलतात.

व्हिसाची भीती घालून तो तुला गप्प करतोय, म्हणून तेही नीट समजून घे. नोकरी गेली की दुसऱ्या दिवशी कुणी विमानात बसवत नाही. नोकरी मुदतीआधी संपतेय हे कळल्यापासून दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, कळवणं हे तुझं काम. तुझ्याकडे ब्लू कार्ड असेल तर पहिल्या वर्षात नोकरी बदलताना ते कार्यालय 30 दिवस बदल थांबवून तपासू शकतं, त्यानंतर तेवढीही कटकट नाही. साधा परवाना असेल आणि सोबतच्या हिरव्या कागदावर संस्थेचं नाव छापलेलं असेल, तर आधी विचारल्याशिवाय नवी नोकरी सुरू करू नकोस. तो कागद आज काढून बघ.

राहिला मंगळवारचा मुद्दा. 'मनमोकळं बोलू या' म्हणून बोलावलंय त्यानं, म्हणजे टेबलावर बहुधा कागद असेल. परस्परसंमतीनं करार संपवण्याचा असेल तर सही करू नकोस, कितीही गोड बोलला तरी. त्या सहीनं बेकारभत्ता सहसा 12 आठवडे अडकतो. राजीनामाही तिथल्या तिथे देऊ नकोस. त्रासापायी दिलास तरी डॉक्टरचा आधीचा कागद हातात हवा. त्यानं काढून टाकलं तर ते कागदावरचं, शाईच्या सहीचंच पत्र लागतं, ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. पत्र मिळाल्यापासून कामगार न्यायालयात जायला तीनच आठवडे. तुला सहा महिने उलटून गेलेत आणि तुम्ही दहापेक्षा जास्त आहात, तेव्हा तुला कारण विचारायचा हक्क आहे. त्या न्यायालयात पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, आणि हरलीस तरी समोरच्या वकिलाचे पैसे तुला भरावे लागत नाहीत. ज्या दिवशी शेवट कळेल त्यानंतर तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदव, भत्ता नको असला तरी.

प्रशस्तिपत्र मागायला लाजू नकोस, ते कायद्यानं द्यावंच लागतं. पण 'प्रयत्न केले' असलं काही लिहून दिलं तर गोड मानून घेऊ नकोस, इथे त्याचा अर्थ काम जमलं नाही असा होतो. 'श्टेट्स' (नेहमी) आणि 'फोल्स्टन' (पुरेपूर) हे दोन्ही शब्द समाधानाच्या वाक्यात आहेत का बघ. मसुदा आधी मला पाठव.

आणि मंगळवारी पाकीट हातात दिलंच तर शांतपणे घे. पोच म्हणून सही मागितली तर 'एरहाल्टन' (मिळालं) आणि तारीख, एवढंच लिही, मान्य असं काही नाही. बाहेर येऊन फोटो टाक. मी त्या दिवशी घरूनच काम करतेय, बैठक चालू असली तरी तुझा फोन उचलेन.