सन्मान एकटीनं घेताना

नवरा-बायको मिळून काही उभं करत असाल, तर कुणी काय केलं ते दोघंही हयात असतानाच कागदावर आणि चारचौघांत येऊ द्या. देशी धानाचं वाण राखलं म्हणून मला दिल्लीत सन्मान मिळाला, तेव्हा हे नव्हते. त्या दुःखाला उपाय नाही. पण त्यापायी जी वणवण झाली ती टाळता आली असती, म्हणून सांगते.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळ. थोड्या बांध्या, बोडीचं पाणी. बियाणं राखणं माझ्याकडं. कापणीआधी मी बांधीत शिरायची, भेसळ दिसली की उपटून टाकायची आणि एकसारखी भरलेली लोंबं खुडून घ्यायची. मागून हे वही घेऊन यायचे. रोवणी कधी झाली, धान निसवलं कधी, वाऱ्यात पडलं की उभं राहिलं, सगळं लिहायचे. मी म्हणायची, "कशाला जी एवढं लिहिता? माझ्या ध्यानात आहे." हे म्हणायचे, "तुझ्या ध्यानातलं साहेबाला कसं दिसणार?"

यांना हे शहाणपण आलं ते दादाजी खोब्रागडे यांच्याकडं पाहून. त्यांचं नांदेड गाव आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात. १९८३ साली पटेल-३ धानात त्यांना तीन पिवळसर, वेगळीच लोंबं दिसली. ती त्यांनी जपली, वाढवली. तळोधीच्या व्यापाऱ्यानं त्या धानाला तेव्हाच्या नावाजलेल्या घड्याळावरून एचएमटी नाव दिलं. १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं, १९९८ साली कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-एचएमटी वाण आलं आणि श्रेयाचा वाद दादाजींच्या हयातीत काही मिटला नाही. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ ला ते गेले. दीड एकराच्या माणसानं निवडलेला तांदूळ कुठल्या कुठं पोचला आणि पोत्यावर नाव राहिलं घड्याळाचं. हे जवळून पाहिलं म्हणून आमच्या घरात वही आली.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं वाण आपल्या नावावर नोंदवता येतं, नोंदणीची फी पडत नाही. त्याच कायद्याखाली वाण राखणाऱ्यांचा गौरवही होतो. अर्ज भरताना हे अडून बसले, "निवड तिची, नाव तिचंच." त्यानंतर काही महिन्यांतच हे गेले.

मग कळलं, की सातबारा यांच्या एकट्याच्या नावावर होता. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, फेरफार, भावकीच्या सह्या, हे सगळं मी तेरवीनंतर लगेच करत फिरले. एका टेबलावर तर वही पाहून विचारलं, "अक्षर त्यांचं आहे, मग निवड तुमची कशावरून?" त्या माणसाला काय सांगू? ज्यानं माझं नाव पुढं केलं, त्याचंच अक्षर माझ्याविरुद्ध उभं राहिलं.

म्हणून बायांनो, आणि त्यांच्या नवऱ्यांनो, लक्ष्मी मुक्ती योजना आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हा विषय गावोगाव नेला आणि १९९२ पासून नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. अर्ज नवऱ्यानं करायचा आहे, म्हणजे तो असतानाच व्हायला हवा. वहीच्या पानावर दोघांची सही किंवा अंगठा असू द्या. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वाणाची नोंद करताना राखणाऱ्यांची नावं सांगा, नुसतं कुटुंबाचं आडनाव नको.

आता कार्यक्रमाबद्दल. पुष्कळ जणी म्हणतात, हे नाहीत तर जाऊन काय करू. जा. सोबत मात्र असं माणूस न्या ज्यानं दोघांना राबताना पाहिलंय. माझा पुतण्या इंग्रजी बोलणारा, त्यालाच न्या असं सगळे म्हणत होते. मी मुलीला नेलं, ती लहानपणी त्याच बांधीत आमच्या मागं फिरली आहे. तिनंच मला मेरी क्युरीबाईंची गोष्ट सांगितली. १९०३ च्या नोबेलसाठीच्या एका शिफारसपत्रात बाईंचं नाव घातलंच नव्हतं. नवऱ्याला, पिएरला ते कळलं तेव्हा त्यानं तिचाही विचार व्हावा असं लिहून कळवलं. १९०६ साली तो घोडागाडीखाली सापडून गेला. १९११ चं नोबेल घ्यायला बाई गेल्या त्या बहिणीला आणि थोरल्या मुलीला घेऊन, आणि भाषणात कोणतं काम आपलं, कोणतं दोघांचं, ते त्यांनी वेगळं करून सांगितलं. मलाही दोन वाक्यं बोलायला मिळाली. दोन्ही मी यांच्या वहीबद्दल बोलले. रडू येईल या भीतीनं नाव घ्यायचं टाळू नका, आलं तर येऊ द्या.

रात्री खोलीवर सन्मानपत्र उघडलं. त्यावरची माझ्या नावाची वेलांटी बरोबर आहे का, हे यांनी सगळ्यात आधी पाहिलं असतं. मी आणि मुलीनं ती पाहिली आणि मग बराच वेळ दोघी बोललो नाही.

गावी सत्कार सुरू झाले आणि वेगळाच चटका बसला. स्टेजवर बाकीच्या बायांना हळदीकुंकू, ओटी; माझ्यापाशी आलं की ताट पुढं सरकायचं, मला शाल-श्रीफळ. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण सत्कारमूर्ती मीच आणि अशुभही मीच, हे कसं चालेल? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, सरकारनंही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तेव्हा सत्कार ठेवणाऱ्यांनी आधी घरी येऊन विचारावं. घेणारीला नको असेल तर ती सांगेल, ताटानं ठरवू नये. पुढच्या सत्काराला मी आधीच निरोप धाडला, आणि सरपंचबाईंनी स्वतः कुंकू लावलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. सन्मानाची रक्कम स्वतःच्या खात्यात घ्या, उसनं मागणारे आठवड्यात येतात, त्यांना मुलांसमोर उत्तर द्या.

आणि ते सातबाऱ्याचं काम पावसावर ढकलू नका. मिरगाच्या तोंडावर तलाठ्याकडं पीककर्जाच्या कागदांची रीघ लागते. चैत-वैशाखात, खळं रिकामं असतं तेव्हा दोघांनी मिळून जा.