सई, त्या पोरांचं काय?

वैजापूर,
अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस

चि. सईस,

परवा लासूरला लग्नात तुझी मावशी भेटली. पंगत उठायच्या आत तिनं सांगून टाकलं की सई दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला चाललीय, दोन आठवडे अनाथ मुलांना इंग्रजी शिकवायला, दीड लाख भरून. आणि त्यासाठी आण्णांनी तुझ्या आईच्या नावावर केलेला रोटेगाव रस्त्यावरचा प्लॉट विकायला काढलाय. मावशीच्या बातमीतलं निम्मं सोडून द्यायचं, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून प्लॉटाचं सोडून दिलं. नेपाळचं मात्र खरं निघालं. तुझी आई फोनवर म्हणाली, "दादा, परदेशातल्या कॉलेजच्या अर्जाला उपयोग होतो."

अर्जाला होत असेल. त्या पोरांना काय उपयोग होतो, ते मला सांग.

नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप हयात आहेत. मुलाला चांगल्या शाळेत घालतो म्हणून दलाल डोंगरातल्या खेड्यांतून पोरं उचलतात आणि काठमांडूत आणून ठेवतात. कशासाठी? तर पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांना अनाथ दिसले पाहिजेत म्हणून. 2015 च्या भूकंपानंतर युनिसेफनं याबद्दल सावध केलं होतं. ऑस्ट्रेलियानं 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा असा धंदा गुलामगिरीतच धरला. सगळीच बालगृहं तशी नसतील. पण तू जातेयस ते कसं आहे, हे तू विचारलंस का? की माहितीपत्रकातले फोटो बघूनच हो म्हणालीस?

आणि शिकवणार काय? ए फॉर ॲपल? ते त्यांना पाठ असेल. तुझ्या आधीची ताई तेच शिकवून गेली, तुझ्यानंतरची पुन्हा तेच शिकवील. तीन वर्षांची एखादी पोर तुझ्या गळ्यात पडेल, तू रडत विमानात बसशील, आणि सोमवारी तिच्यापुढं दुसरी ताई उभी. त्या पोरीचं काय?

परक्या मुलखात सेवेला जाऊच नये, असं मी म्हणत नाही. पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर 1934 च्या भूकंपानंतर बिहारात आला आणि राजेंद्रबाबूंच्या माणसांबरोबर राबला. त्यानं काढलेल्या संघटनेची परदेशी मुलं पन्नाशीच्या दशकात वरोऱ्याला आनंदवनात आली. कुष्ठरोग्याजवळ सख्खे फिरकत नव्हते त्या काळात या पोरांनी त्यांच्याबरोबर इमारती बांधल्या. ती परत गेली, पण भिंती राहिल्या. काय बांधायचं, हे ठरवणारी माणसं तिथलीच होती.

त्याच आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी पुढं 1967 पासून सोमनाथला, मूल गावाजवळ, श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. कॉलेजात असताना मला तिथं जायचं होतं. आण्णा म्हणाले, "घरचं रान नांगरायचं पडलंय, अन् दुसऱ्याचं खोदायला जातोस?" मी गप्प बसलो. माझा खोलीवरचा मित्र गेला. परत आला तेव्हा दोन्ही तळहातांना फोड आले होते, आणि गडी खुशीत! त्याला कुदळ धरायला शिकवणाऱ्या, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या हाताला धड बोटं नव्हती. तो कुदळीचा दांडा हाताला फडक्यानं बांधून घ्यायचा आणि पोरांना म्हणायचा, "कमरेतून वाका, मनगटातून नको." मित्रानं ते आम्हाला खोलीत वाकून करून दाखवलं. आपण गेलो नाही, हे मला अजून लागतं. आण्णांवर राग नाही, पण लागतं.

म्हणून तर तुला नको म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि तुला सेवा ठाऊक नाही असंही नाही. सहावीत असताना गंगागिरी महाराजांच्या सप्त्याला तू आमच्याबरोबर आली होतीस. गावोगावचे ट्रॅक्टर भाकरी उतरवत होते, मामी आमटीच्या रांगेत होती आणि तू बादली घेऊन पंगतीत पाणी वाढत होतीस. निम्मं पाणी तुझ्याच परकरावर. एका म्हाताऱ्यानं "पोरी, पेल्यात ओत, पानात नको" म्हणून झापलं, तर तू खुदकन हसलीस आणि पुढच्या पानाकडं गेलीस. तेव्हा तुझा फोटो कुणी काढला नाही. काढायला हवा होता, असं आता वाटतं.

एवढं लिहून बसलो आणि मामीनं वाचून म्हटलं, "पोरीला किती टोचता?" बरोबर आहे तिचं. तुझं मन चांगलं आहे म्हणूनच तुला जावंसं वाटतंय, हे मला कळतं.

तर असं कर. नेपाळवाल्यांना तीन गोष्टी विचार: मुलांचे आई-बाप कुठे आहेत, आम्ही नसतो तेव्हा शिकवतं कोण, आणि दीड लाखातले तिथं किती पोचतात. सरळ उत्तरं आली तर जा, प्लॉटाला हात न लावता जमेल तेवढं मीही देईन. नाही आली तर सोमनाथला चौकशी कर. वयाची अट आधी विचारून घे. तुला एकटं नको वाटलं तर वरोऱ्यापर्यंत मी सोबत येतो. छावणीत मला या वयात कोण घेणार, पण आनंदवन तरी बघून होईल.

मावशीवर चिडू नकोस. पत्र मिळालं की फोन कर, रागावली असलीस तरी कर.

तुझा,
मामा