आधी अर्ज, मग प्रदर्शन

वैराग, ता. बार्शी

चि. सुमित यास,


सीताफळाचा गर काढायचं तुझं यंत्र दिवाळीत इथं अंगणात चालताना पाहिलं. रबरी पाती आणि त्यांच्यातलं कमी-जास्त करता येणारं अंतर, यामुळे बी फुटत नाही, गर कडवट होत नाही. फार समाधान वाटलं. आता तू ते प्रदर्शनात मांडणार, व्हिडिओही टाकणार, असं ताई म्हणाली. म्हणून लगेच लिहितोय. आधी पेटंटचा अर्ज कर, मग खुशाल जगाला दाखव.

एकदा जगजाहीर झालेली गोष्ट कायदा सहसा नवी मानत नाही. यंत्र परिपूर्ण व्हायची वाट पाहू नकोस. तात्पुरता अर्ज केला की ती तारीख तुझी होते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. त्याआधी जुनी पेटंटं मात्र नीट चाळ. कुणी हेच आधी केलेलं असेल तर आताच कळलेलं बरं.

हक्क नोंदवण्याचं उदाहरण जवळच आहे. आपल्याच तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी वर्षानुवर्षं खपून 'एनएमके-१ गोल्डन' हे सीताफळ तयार केलं आणि त्याची रीतसर नोंदणी केली. लोक त्या नोंदणीला पेटंट म्हणतात, पण वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. फळझाडाला १८ वर्षांचं संरक्षण मिळतं आणि शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही शाबूत राहतो. पेटंटमध्येही असाच समतोल आहे. २० वर्षं हक्क तुझा. बदल्यात यंत्राची रचना सगळी लिहून द्यायची. मुदत संपली की ती सर्वांची. दरम्यान स्वतः कारखाना काढायची ऐपत नसली, तरी एखाद्या कारखानदाराला परवाना देऊन मोबदला घेता येतो. तुझ्यासारख्या भांडवल नसलेल्या पोराला हा मोठाच आधार आहे.

रोजच्या कामाची वही ठेव, प्रत्येक पानावर तारीख घाल. लिहिलेल्याचं मोल हळदीच्या प्रकरणात दिसलं. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांचे, छापील लेखांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या हळद लावत आल्या होत्या, पण तिथं कामी आलं ते लिहिलेलं.

आणखी एक. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काम केलंस, तेव्हा हक्कात कॉलेजचा वाटा आहे का, ते लेखी विचारून घे. पात्यांतलं अंतर बदलायची युक्ती आपल्या इथल्या वेल्डिंगवाल्याची होती. मग शोधकर्ता म्हणून त्याचंही नाव अर्जात गेलंच पाहिजे. स्वतःच्या कल्पनेचा हक्क मागणाऱ्यानं दुसऱ्याची कल्पना गिळू नये.

याच आठवड्यात अर्जाला बस. ताई-दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा