औषध फवारताना नाका-तोंडावर काय बांधावे?



उसावर औषध मारायचे ठरले की आपण पंप पाहतो, नोजल पाहतो, मात्रा दोनदा विचारतो. पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याच्या नाका-तोंडावर काय आहे, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तो आपला टॉवेल गुंडाळतो आणि सरीत शिरतो. टॉवेल बांधला म्हणजे काळजी घेतली, असे त्यालाही वाटते आणि बांधावर उभ्या असलेल्या मालकालाही.

औषध श्वासावाटे दोन रूपांत आत जाते. नोजलमधून उडणारे तुषार आणि भुकटीची धूळ हे झाले कण. दुसरी औषधाची वाफ. ती हवेसारखीच, डोळ्यांना न दिसणारी. टॉवेलच्या विणीत मोठा थेंब अडेल, पण बारीक तुषार आत जातात आणि वाफ तर मुळीच अडत नाही. शिवाय तासाभरात टॉवेल घामाने आणि औषधाने भिजतो. मग गडी तेच औषध नाकाशी धरून श्वास घेत राहतो, आणि जेवायला बसताना त्याच टॉवेलने तोंड पुसतो.

करोनाच्या साथीत, 2020-21 साली, घरोघरी मास्क आले. त्यातले उरलेले आता रानात दिसतात. दवाखान्यातला निळा मास्क गालाशी उघडाच राहतो, त्याचा फवारणीत भरवसा नाही. एन-95 मास्क बारीक कण चांगले अडवतो, पण वाफ त्यातूनही आत जाते. त्याचा खरा उपयोग धुळीच्या कामात: बुरशी लागलेला कडबा झाडताना, वाळलेले शेणखत पसरताना, पाचटाची कुट्टी करताना. साठवून बुरशी लागलेल्या बगॅसच्या धुळीने तर फुप्फुसाचा ‘बगॅसोसिस’ नावाचा विकार होतो. जुना बगॅस उपसताना हा मास्क हवाच.

फवारणीला लागतो तो रबरी, कार्ट्रिजचा मास्क. कार्ट्रिजमध्ये प्रक्रिया केलेला कोळसा असतो, तो वाफ शोषून घेतो. त्याच्यापुढे कण अडवणारी गाळणी बसवावी लागते. दुकानात नुसता ‘मास्क द्या’ म्हणू नये. सेंद्रिय रसायनांच्या वाफेचे कार्ट्रिज आणि गाळणी, दोन्ही मागावे. 1971 च्या कीटकनाशक नियमांतही कार्ट्रिजच्या मास्कचे नाव आहे, आणि औषध वापरणाऱ्या माणसाला योग्य पोशाखाचे संरक्षण असावे असे सांगितले आहे. तेव्हा हा खर्च मालकाने करायचा. मजुरी ठरवतानाच तो धरावा.

मास्क घातल्यावर दोन्ही कार्ट्रिजवर तळहात ठेवून श्वास आत ओढावा. रबर चेहऱ्याला चिकटून तसेच राहिले तर बसले नीट. दाढीचे खुंट असतील तर फटी राहतात, म्हणून त्या दिवशी दाढी करूनच यावे. आत वास किंवा चव जाणवली तर ताबडतोब फडाबाहेर येऊन कार्ट्रिज बदलावे. पण वास येईपर्यंत थांबायचे असेही नाही, कारण काही औषधांना वासच नसतो. कंपनीने दिलेली मुदत पाळावी. काम संपले की रबर पुसून मास्क पिशवीत बंद ठेवावा, औषधाच्या खोलीत टांगू नये. तेथे कोळसा वाफ शोषतच राहतो आणि वाया जातो.

मास्क डब्याचे झाकण उघडण्याआधी चढवावा. पाणी न मिसळलेले औषध सर्वांत जहाल, आणि नेमके तेव्हाच आपण तोंड उघडे ठेवून वाकून पाहतो.

उंच पिकात धोका वाढतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. कपाशी त्या वर्षी पुरुषभर वाढली होती. तुषार तोंडाच्या उंचीवर उडत होते. आपला ऊस तर त्याहून उंच, आत वारा नाही, आणि नळी डोक्याच्या वर धरलेली. लोकरी माव्याच्या वेळी, 2002 नंतर, अशी फवारणी पुष्कळांनी केली आहे. मोठ्या उसात माणूस घालण्याआधी फवारणी खरोखर हवी का, हे शेतकी खात्याला विचारावे. माव्याला पुढे आवर घातला तो मुख्यतः मित्रकीटकांनी.

मास्क म्हणजे सर्व काही नव्हे, कारण अंगावरून, कातडीतूनही पुष्कळ विष आत जाते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, गमबूट हवेतच. हुमणीसाठी वापरात असलेल्या फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. घराच्या कोपऱ्यात जुनी पिशवी असेल तर ती बाहेर काढून ‘संपवू’ नये.

छाती आवळणे, तोंडाला लाळ, दरदरून घाम, अंधुक दिसणे, हातपाय थरथरणे, यांपैकी काहीही दिसले की काम थांबवून माणसाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. औषधाचा डबा लेबलासकट बरोबर न्यावा. काही विषांवर अॅट्रोपिनचे इंजेक्शन लागू पडते, काहींवर नाही. ते लेबल पाहून डॉक्टर ठरवतील.